घर नावाचा विद्यार्थी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू "बरा आहे" एवढंच लिहिलं होतंस, आणि तू एवढंच लिहितेस तेव्हा तो बरा नसतो, हे मला ठाऊक आहे. जिना चढताना चांगला पाय आधी वर टाकावा आणि उतरताना दुखरा आधी खाली, असं आमच्या दुकानात चष्मा न्यायला आलेल्या एका डॉक्टरांनी सांगितलं. (ते दातांचे डॉक्टर आहेत, पण पाय त्यांनाही दोन आहेत.) भावोजींना माझा नमस्कार सांग. इकडे तुझी भावजय आणि माझी लेक ठीक आहेत. माझ्या सासूबाई तर इतक्या उत्तम आहेत की त्याचा बाकीच्या घराला थोडा त्रास होतो. ते पुढे येईलच.

फोन सोडून पत्र का लिहीत बसला हा, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच "जेवलास का?" असं विचारतेस, आणि एकदा जेवण निघालं की मला जे सांगायचं असतं ते राहून जातं. शिवाय फोनवर कंस टाकता येत नाहीत, आणि या वेळी मला एका कंसाची फार गरज आहे. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती बत्तीस वर्षं थांबली आहे, तेव्हा आणखी एक पान थांबली तर बिघडणार नाही. पण आमच्या मालकांना ती कळली आहे, आणि मालकांच्या पोटात कुठलीही गोष्ट दुपारच्या चहापर्यंतसुद्धा टिकत नाही. मागे तुझ्या चष्म्यासाठी त्यांनी तुझा नंबर घेतला होता, तो अजून त्यांच्याकडे आहे. त्यांचा फोन आला तर हे पत्र वाचून होईपर्यंत उचलू नकोस. (आधीच आला असेल, तर मात्र सरळ शेवटच्या पानावर जा.)

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका सोमवारी पहाटे पाच वाजता मी अंघोळ केली, देवापुढे हात जोडले, स्वयंपाकघरातला दिवा लावला, लेकीचा फोन चार्जरवरून काढला आणि त्याच्यापुढेही हात जोडले. मुद्दाम नव्हे. हात आधीच जोडलेले होते, ते सोडायचे राहून गेले. पण नंतर विचार केला तेव्हा त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. शिकवणाऱ्यापुढे हात जोडायचे हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं, आणि शाळेत शिकवलेल्या गोष्टींपैकी माझ्या लक्षात राहिलेल्या ज्या थोड्या आहेत, त्यांतली ही एक.

त्याचं असं झालं. आमच्या दुकानात मी सव्वीस वर्षं भिंगं घासतो, कापतो आणि फ्रेमीत बसवतो, हे तुला माहीतच आहे. डोळे तपासायला आठवड्यातून तीन दिवस बाहेरून माणूस येतो. मालक म्हणाले, "तूच का नाही शिकत डोळे तपासायला? वर्षभराचं प्रशिक्षण आहे, मी पाठवतो. फक्त दहावी पासचं सर्टिफिकेट आणून दे." मी म्हणालो, "ते गावी आहे, ताईच्या पेटीत." मालक म्हणाले, "मग मागवून घे." मी "बरं" म्हणालो आणि माझ्या चाकापाशी जाऊन बसलो, आणि त्या दिवशी दोन भिंगं वाकडी घासली.

(ताई, हा तो कंस. तुझ्या पेटीत माझं सर्टिफिकेट नाही हे तुला माहीत आहे, पण ते कुठेच नाही हे तुला माहीत नाही. मी दहावी पास झालो नाही. गणितात शंभरपैकी एकोणीस मिळाले होते. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा तू कपडे वाळत घालत होतीस. तू विचारलंस, "झालास ना रे?" आणि तुझ्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "झालो." पुढचं वाक्य मी मनात जुळवत होतो, तोवर तू ओला कपडा खांद्यावर टाकून आख्ख्या आळीला सांगत सुटली होतीस. तू परत आलीस तेव्हा सगळ्या गावाच्या दृष्टीने मी पास झालो होतो, आणि एवढ्या माणसांना खोटं पाडायची माझी हिंमत झाली नाही. नंतर दोनदा बसलो, "नोकरी शोधायला जातो" असं सांगून. दोन्ही वेळा गणित गेलं. आता मी कंस पूर्ण करतो आहे. तू जरा पाणी पी आणि मग पुढे वाच.)

तर मला चोरून दहावीचं गणित शिकायचं होतं. या वयात शिकवणी लावायची तर मास्तर विचारणार, शेजारी विचारणार. अशा वेळी लेकीकडे पाहिलं. ती बारावीला आहे, आणि इंटरनेटवरच्या एका शिकवणीत भौतिकशास्त्र शिकते. ही शिकवणी साधी नाही. ती आधी तुला काय येतं ते बघते, कुठे अडतं ते बघते आणि तुझ्यापुरता धडा तयार करते. दोघे शेजारी बसले तर दोघांचे धडे वेगळे. मला तर ऐकूनच भरून आलं. आपल्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत आणि गुरुजी एक. आपण त्यांना "पुढेचला गुरुजी" म्हणायचो, कारण "कळलं?" विचारून उत्तराची वाट न बघता ते "पुढे चला" म्हणायचे. त्यांचा दोष नव्हता. पहिलीला उत्तर सांगेपर्यंत चौथीची मुलं खिडकीतून बाहेर पडलेली असायची. पण त्यांच्या त्या "पुढे चला"मध्ये मी अपूर्णांकांपाशी जो मागे राहिलो, तो अजून तिथेच उभा होतो.

लेकीने घरात जेव्हा ते खातं उघडलं, तेव्हाच तुझ्या भावजयीने जाहीर केलं होतं, की एका घराला एक दार पुरतं तसं एक खातं पुरेल. तिला स्वतःला इंग्रजी शिकायचं होतं, सासूबाईंच्या औषधांबरोबरचे बारीक अक्षरांचे कागद वाचण्यासाठी. सासूबाईंना समुद्र बघायचा होता. खात्याला नाव काय द्यायचं यावर वाद झाला, तेव्हा तिने "घर" असं घालायला लावलं. वय विचारलं, तर लेकीने चौघांच्या वयांची सरासरी काढली. सतरा, चव्वेचाळीस, एकोणपन्नास आणि चौऱ्याहत्तर, सरासरी सेहेचाळीस. म्हणजे सेहेचाळीस वर्षांचं, घर नावाचं एक मूल आमच्या घरी शिकायला लागलं. पालकाचा नंबर मागितला तेव्हा आम्ही सगळेच विद्यार्थी असल्यामुळे पालक उरलाच नव्हता. भावजयीने दुकानाचा नंबर दिला. मला वेगळं खातं सहज उघडता आलं असतं. पण वेगळ्या खात्यात "तुम्ही कितवीत आहात?" असा पहिलाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला घरात कोणासमोर द्यायचं नव्हतं. म्हणून मी पहाटे, सगळे झोपलेले असताना, घराच्या खात्यात हळूच शिरलो. ही चूक मी केली, ताई. दिवसभर दुकानात बसून लोकांना जे करू नका म्हणून सांगतो, तेच घरी केलं.

पहिले चार दिवस म्हणजे सुख होतं. मी चुकायचो, ती शिकवणी म्हणायची, "हरकत नाही, कुठे अडलं ते पाहूया." सातव्यांदा चुकलो तरी तेच, त्याच आवाजात. मी तुझ्या भावजयीला म्हणालो, (अर्थात लेकीच्या शिकवणीबद्दल बोलतोय असं दाखवून) "सात वेळा चुकलं तरी चिडत नाही म्हणजे संतच म्हणायचा." ती म्हणाली, "संसार करायला लावा, मग बघू." पण मला खरंच आदर वाटला. ती शिकवणी मला मागे नेत होती. दहावीतून आठवीत, आठवीतून सहावीत, जिथे माझं सुटलं होतं तिथपर्यंत, जसं कोणी हाताला धरून रस्त्यात पडलेली वस्तू शोधायला परत नेतं तसं. पाचव्या दिवशी आम्ही दोघे चौथीत पोहोचलो. तिथे, पाव आणि अर्ध्याच्या बेरजेपाशी, मी सापडलो.

सहाव्या दिवशी पहाटे उघडलं तर समोर वर्गसमीकरण! मी घाबरून फोन उलटा ठेवला. झालं असं होतं की, दुपारी सासूबाई त्याच खात्यावर समुद्राचे धडे बघायच्या. देवमासा श्वास घ्यायला वर आला की मध्येच तो धडा गणिताचे चार प्रश्न विचारायचा. (घर गणितात कच्चं आहे म्हणून. म्हणजे माझ्यामुळे.) सासूबाईंना देवमासा परत हवा असायचा, म्हणून त्या प्रश्न न वाचता सगळ्यात लांब उत्तरावर बोट ठेवायच्या. "जो जास्त बोलतो त्याचं खरं मानायचं, आयुष्यभर तेच केलं," असं त्यांचं म्हणणं. आणि ताई, त्यांची उत्तरं बरोबर यायची! चारांतली तीन तरी यायची. चौथी शिकलेल्या बाईने एका दुपारी मला सहा इयत्ता वर ढकललं. मी पहाटे चुकून चुकून परत खाली यायचो आणि दुपारी त्या मला पुन्हा वर चढवायच्या.

तिकडे संध्याकाळी लेक ओरडायला लागली. "आई, हे बघ! मला विचारतंय पाच सफरचंदं आणि तीन सफरचंदं किती! माझी परीक्षा महिन्यावर आलीय!" भावजय म्हणाली, "मग सांग ना आठ. तेही येत नाही का?" मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो होतो. ती सफरचंदं माझी होती. भावजयीचं इंग्रजीही हळूहळू समुद्रात गेलं. घराला देवमाशांची आवड आहे हे ओळखून त्या शिकवणीने तिच्या सगळ्या वाक्यांत देवमासे घातले. औषध जेवणानंतर घ्यावं की आधी, हे तिला अजून वाचता येत नाही. पण देवमाशाची प्रकृती ती इंग्रजीत अतिशय अदबीने विचारते.

यात मला एकदाही त्या शिकवणीला दोष द्यावासा वाटला नाही. उलट दयाच आली. बिचारी प्रामाणिकपणे एका माणसाला समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, आणि तो माणूस अस्तित्वातच नव्हता. आपण तरी घरातल्या एका माणसाला समजून घेताना कुठे इतका धीर धरतो?

आता दुकानातला प्रसंग. शनिवारची गर्दीची वेळ होती. एक बाई डोकं धरून आल्या. नवा चष्मा केल्यापासून डोकं दुखतं म्हणून तावातावाने बोलत होत्या. मी चष्मा हातात घेतला आणि बघितलं, तर भिंगं त्यांची नव्हतीच. त्यांच्या यजमानांचा चष्मा तशाच फ्रेमीचा होता, तो त्या आठवडाभर लावून फिरत होत्या. मी माझं नेहमीचं प्रवचन सुरू केलं. "बाई, देवाने प्रत्येकाला डोळे वेगळे दिलेत. एकाच्या नंबरने दुसऱ्याला दिसत नसतं. दिसल्यासारखं वाटतं, आणि डोकं दुखतं." एवढ्यात मालकांचा फोन वाजला. मालकांना मोठ्याने वाचायची सवय आहे, चष्म्याचं दुकान असून स्वतःचा चष्मा सापडत नाही म्हणून फोन हातभर लांब धरून वाचतात. त्यांनी वाचलं: "पालकांस कळविण्यात येते की, आपला पाल्य 'घर' हा पहाटे शांत व कष्टाळू असतो, परंतु अपूर्णांकांत चौथीच्या पातळीवर आहे. दुपारी तो बीजगणितात अचानक प्रावीण्य दाखवतो, मात्र प्रश्न वाचत नाही. संध्याकाळी भौतिकशास्त्रात हुशार असतो, परंतु चिडचिड करतो. देवमाशांविषयी विशेष आस्था आहे. पालकांनी पाल्याच्या झोपेकडे लक्ष द्यावे."

मालक म्हणाले, "हे घर कोण?"

"आमचंच घर, मालक," मी म्हणालो.

"ते कळलं. दुपारचं म्हणजे तुझ्या सासूबाई, देवमाशावरून ओळखल्या. संध्याकाळची पोरगी. पहाटे कोण उठतं तुमच्याकडे?"

पहाटे कोण उठतं हे मालकांना सव्वीस वर्षं माहीत आहे. दुकानाची किल्ली माझ्याकडेच असते. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे ताईच्या पेटीत काही नाही?"

"पेटी आहे, मालक," मी म्हणालो.

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. फोन खिशात ठेवून म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म भर. पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाला जा. तोवर बाहेरचा माणूस येतोच आहे." आणि त्या डोकं दुखणाऱ्या बाई, ज्यांना मी एवढं प्रवचन दिलं होतं, त्या माझ्या हातातल्या यजमानांच्या चष्म्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "काय हो, मला शहाणपण शिकवता, आणि घरात सगळ्यांना मिळून एकच चष्मा?"

ताई, मी खाली मान घालून त्यांचं भिंग पुसत राहिलो. खोटं सांगितलं की माणूस दुसऱ्याच्या चष्म्यातून जग बघायला लागतो, हे मला तेव्हा उमगलं. त्या शिकवणीने माझा नंबर काढायचा प्रयत्न केला होता. मीच दुसऱ्यांच्या डोळ्यांमागे लपून बसलो होतो.

त्या संध्याकाळी मी घरात सगळ्यांना सांगितलं. भावजय म्हणाली, "सफरचंदं तुमची होती तर." लेकीने लगेच माझ्यासाठी वेगळं खातं उघडलं. सासूबाई म्हणाल्या, "एकोणीस म्हणजे फार नव्हेत, पण अगदी शून्यही नाहीत."

आता जे सांगतो ते नीट वाच, कारण यासाठीच एवढा कागद खर्च केला. माझ्या खात्यात त्या शिकवणीने पहिल्याच दिवशी विचारलं, "आपण काय काम करता?" मी लिहिलं, चष्म्याची भिंगं. तिने विचारलं, "अनोळखी भिंगाचा नंबर कसा काढता?" आता हे मला कोणी विचारायचं म्हणजे! यंत्र बंद पडलं तर आम्ही अजून जुन्या पद्धतीने काढतो. भिंगातून समोरच्या उभ्या रेघेकडे बघायचं आणि भिंग हलवायचं. रेघही हलते. मग त्यावर उलट्या नंबरची भिंगं एकेक ठेवून बघायची. ज्या भिंगाने रेघ हलायची थांबते, त्याच्या उलटा तो नंबर. हे सगळं मी बोट दुखेपर्यंत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने विचारलं, "एका अनोळखी भिंगावर प्लस सव्वादोन ठेवलं आणि रेघ थांबली. भिंग कोणतं?" मी मोठ्याने म्हणालो, "मायनस सव्वादोन, हे काय विचारणं झालं?" मग तिने विचारलं, "दुसऱ्या एका भिंगावर प्लस सव्वा ठेवलं, तर दोन्ही मिळून मायनस पावणेदोन भरतात. भिंग कोणतं?" मी म्हणालो, "मायनस तीन." आणि मग, ताई, त्या भिंगाच्या जागी तिने हळूच "क्ष" लिहिला.

तोच क्ष, ज्याला बघून मी तीनदा ते प्रश्न कोरे सोडून उठलो होतो. क्ष म्हणजे दुसरं काही नाही, अजून न तपासलेलं भिंग. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच करत मी सव्वीस वर्षं अपूर्णांकांत वावरलो, उणे-अधिक करत समीकरणं सोडवली, आणि मनात धरून बसलो की मला गणित येत नाही. कोणी मला माझ्या हातातलंच दाखवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडलो. भावजय पाणी प्यायला आली. "पुन्हा सफरचंदं का?" असं तिने विचारलं, आणि उत्तर न मागता माझ्यासाठी चहा ठेवला.

पुढे मुलं अशी शिकणार आहेत, ताई. प्रत्येकाला आपापला नंबर. सुताराच्या मुलीला लाकडातून भूमिती, गवंड्याच्या पोराला भिंतीतून. "पुढे चला" म्हणणारं कोणी नाही, जिथे उभा आहेस तिथून चल. मी रोज देवाचे आभार मानतो, की हे बघायला मी आहे. एकच उणीव सांगतो, तीही चष्मेवाला म्हणून. भिंग कितीही अचूक असलं तरी फ्रेमीची काडी कानावर बसवायला माणसाचा हात लागतो. कानामागे दुखतं की नाही हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

आणि खरं सांगू? ही पद्धत मला नवी वाटलीच नाही. आपल्या आईचा तो जुन्या कपड्यांवरून काढलेल्या बटणांचा डबा आठवतो? आई अंथरुणावर होती. घरात कोणीतरी एकाने थांबायला हवं होतं, आणि पाचवीची शाळा तासभर चालण्याच्या अंतरावर होती. तू थांबलीस आणि मी गेलो. संध्याकाळी तू माझं पुस्तक उघडायचीस, माझ्याबरोबर स्वतःही शिकायचीस, आणि मी अडलो की बटणं जमिनीवर ओतून म्हणायचीस, "कुठे अडलं ते मला दाखव." त्या शिकवणीने अगदी हेच म्हटलं तेव्हा मी दचकून मागे वळून बघितलं होतं. अपूर्णांक आले आणि बटणं अर्धी करता येईनात, तेव्हा मी तुला "कळलं" म्हणून खोटं सांगितलं. एकोणीस गुणांचं खोटं तिथून सुरू झालं होतं.

फॉर्म लेकीने भरून ठेवला आहे. मी तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. शेवटचं बटण दाबायच्या आधी तुझी परवानगी हवी होती, कारण तू बत्तीस वर्षांपूर्वीच मला पास केलं आहेस, आणि तुला न विचारता तो निकाल मी रद्द कसा करू? रागव, पण कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्र भावजयीने वाचलं. म्हणाली, "टपालाला चार दिवस, उत्तराला चार दिवस, आणि फॉर्मची शेवटची तारीख परवा." हा हिशोब मी केला नव्हता. लेक म्हणते, उत्तरपत्रिकेत असं करू नका.

ता. क. – सासूबाईंनी आपला निरोप लिहायला सांगितला आहे: अडलं तर लांब उत्तरावर बोट ठेवावं.

ता. क. – आता खरं मागणं. माझ्या खात्यात पालक म्हणून मी दुकानाचा नंबर काढून तुझा घातला आहे. तुझ्या मुलाने दिलेला तो मोठा फोन तू भांड्यांच्या फळीवर उलटा ठेवतेस, तो दर शनिवारी तेवढा सुलटा कर. माझी प्रगती तुला कळेल. ही शिकवणी सगळं करते, पण तिला रागावता येत नाही, आणि रागावल्याशिवाय मला शिकवल्यासारखं वाटत नाही. ते काम तुझं.

ता. क. – पत्र पाकिटात घालायचं होतं, पण आज पहाटे अंघोळ करून, हात जोडून, ते बटण मी दाबलं. फॉर्म गेला. तुला न विचारता केलेली ही दुसरी गोष्ट. तिसरी अशी की, त्याच बैठकीत मी तुझ्याही नावाचं एक वेगळं खातं उघडलं. नाव "ताई" घातलं आहे. कितवी विचारलं तेव्हा पाचवी लिहिलं, जिथे तू थांबली होतीस तिथून. काय काम करता विचारलं, तेव्हा "शिकवते" असं लिहिलं. पालक म्हणून माझा नंबर दिला आहे. पहिला अहवाल येईपर्यंत झोपेकडे लक्ष दे.